चित्र तेच, गोष्ट नवी

दादाने खिशातलं पेन काढून तिच्या हातात कोंबलं.

“‘निम्मी’ खोड, ‘बहुतेक’ लिही आणि कर सही. एका शब्दाने काही आभाळ कोसळत नाही, छोटे.”

“मग ‘निम्मी’च राहू दे ना! आभाळ तसंही जागेवरच आहे.”

छोटी म्हणजे त्याची धाकटी बहीण. शाळाशाळांतून फिरून मुलांचं वाचन तपासणारी. दादा शिक्षणमंत्र्यांचा सल्लागार. मंत्र्यांच्या लाडक्या वाचन योजनेवरचा तिचा अहवाल जेवणाच्या टेबलावर, मिठाच्या बरणीला टेकून उभा होता. दुसरीतली बहुतेक मुलं वाचू लागली, असं मंत्री उद्या सभागृहात छाती फुगवून सांगणार होते. छोटीच्या तपासणीत जेमतेम निम्मी वाचत होती. तिची सही मिळाली की दादाचं घोडं गंगेत न्हालं!

“उगाच खोडा घालतेस. पुरावा माझ्याच घरात आहे. चिमे, ये गं इकडे!”

दादाची दुसरीतली लेक चिमी एकाच पायात मोजा घालून धावत आली. छोटीने पिशवीतून एक पान काढलं. चित्र शाळेच्या पुस्तकातलंच, कुत्र्याचं आणि बादलीचं. खालची गोष्ट मात्र नवी. तिची तपासायची पद्धतच ती.

“वाच गं राणी.”

चिमी ओळींखालून बोट फिरवत सुसाट सुटली.

“कुत्रा बादलीत पडला. बादली खदखदा हसली. कुत्रा म्हणाला, हसतेस काय, मला बाहेर काढ! आता पान उलटा, आणि मागच्या बाकावरचे, गप्प बसा!”

“भले शाब्बास!” दादाने टाळी वाजवली. “ऐकलंस? कुठे अडली का गाडी?”

छोटीने नुसतं पान त्याच्यापुढे सरकवलं आणि त्यावर त्याचा चष्मा ठेवला.

दादाने वाचलं. पुन्हा वाचलं. मग चिमीचं बोट धरून हलकेच पहिल्या शब्दावर टेकवलं.

“हे काय लिहिलंय गं?”

चिमीने चित्राकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं.

“कुत्रा,” ती ठणकावून म्हणाली.

तिथे ‘सकाळी’ लिहिलं होतं.

टेबलावर फोन थरथरला. मंत्र्यांचा होता. दादाने तो पालथा घातला आणि चिमीला मांडीवर ओढलं.

“छोटे, हिला वाचायला यायला किती दिवस लागतील?”

“हिला, की सगळ्यांना?”

छोटीने पेनाला टोपण लावलं आणि ते त्याच्या खिशात परत खोचलं. दादाने तिला अडवलं नाही.

फोन पुन्हा थरथरू लागला. यावेळी त्याने तो सुलटा केला, घसा खाकरला.

“साहेब, उद्याच्या भाषणात एक शब्द बदलायचाय.”