पोटासाठी निवडलेलं चाक

टणकन काहीतरी फरशीवर पडलं आणि दुपारची शांतता गोल गोल फिरू लागली. डब्याचं झाकण होतं. कडेवर गरगरलं, डुगडुगलं आणि एकदाचं आडवं झालं. पाळण्यातल्या तान्ह्याने झोपेतच ओठ हलवले आणि पुन्हा सामसूम.

"मी नाही पाडलं. ते आपलं आपण पडलं," खारूताई कुजबुजली. चार वर्षांची ही लेक घरभर अशी सुळकन फिरायची की पाळण्यातलं नाव सगळे विसरूनच गेले होते.

तिच्या आईचं लक्ष मात्र झाकणातच अडकलं होतं. ते थांबलं तरी डोळ्यांपुढे फिरतच होतं. तान्हं पोटात असेपर्यंत तिचा अख्खा दिवस असाच फिरण्यात जायचा. मातकामाच्या कारखान्यात ती बागेतल्या मोठमोठ्या कुंड्या घडवायची. फिरत्या चाकावर मातीचा गोळा थापायचा आणि आधी त्याला मधोमध आणायचं. बघणाऱ्याला वाटतं, हे हातांचं काम. पण खरा जोर पोटाचा. कोपरं पोटाशी रोवायची, पोट घट्ट धरायचं, मग उधळलेली माती हळूहळू निमूट होते, जणू तिला कुणीतरी झोपवलंय. बाळंतपणानंतर परवा ती पहिल्यांदा चाकावर बसली, तर मातीनेच तिला गदागदा हलवलं. कोपरं धुक्यात रोवल्यासारखी झाली.

कारखान्याच्या मालकीणबाईंनी ते पाहिलं. निघताना एवढंच म्हणाल्या, "पुढच्या भट्टीच्या मोठ्या कुंड्या तू करतेस, की दुसऱ्या कुणाला सांगू? घाई नाही. पण सांग हो."

'दुसऱ्या कुणाला' हे शब्द तेव्हापासून तिच्या मानगुटीवर बसले होते.

तिची नणंद दवाखान्यात बाळंतिणींकडून व्यायाम करून घ्यायची. ती फोनवर म्हणाली होती, "वहिनी, पोटासाठी घरी काहीतरी आणू या. पण मला विचारल्याशिवाय घेऊ नकोस." यातलं पहिलं वाक्य तिने मनावर घेतलं. दुसरं ऐकलं न ऐकलंसं केलं.

संध्याकाळी मुलांना नवऱ्याच्या ताब्यात देऊन ती व्यायामाच्या सामानाच्या दुकानात गेली. आत निळसर उजेड होता. व्यायामाचे मोठाले चेंडू एकमेकांना टेकून असे पहुडले होते, की बोट लावलं तर सगळे तरंगत वर जातील. विक्रेत्याने तिला तिरका बाक दाखवला. तिथे पाय अडकवून आडवं पडायचं आणि उठून बसायचं म्हणे. मग रबरी पट्टे ताणून दाखवले, मऊ मॅट उलगडली. ती 'हं, हं' करत होती, पण मन त्यातल्या कशावरच बसत नव्हतं.

आणि मग ते दिसलं. लहानसं चाक, दोन्ही बाजूंना मुठी. गुडघ्यांवर बसायचं, मुठी धरून चाक पुढे ढकलायचं, पोटाच्या जोरावर मागे ओढायचं. फळीवर तशी चार-पाच होती. तिने एकेक कानाजवळ धरून फिरवलं.

"काय ऐकताय, ताई?"

"डुगडुगतंय का, ते."

एक थरथरलं, ते परत ठेवलं. दुसरं कडेला झुकलं, तेही ठेवलं. मग एक असं फिरलं, की फिरतंय हे कळूच नये. तिचे डोळे आपोआप मिटले. बोटांना ओली माती लागल्यासारखं वाटलं.

"लोक रंग बघतात हो," विक्रेता म्हणाला. "चाकाची परीक्षा घेणाऱ्या तुम्हीच पहिल्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गुडघ्यांवर बसली आणि चाक पुढे गेलं. एवढ्यात नणंद दारातून आत आली आणि पिशवी टाकून ओरडलीच, "वहिनी, थांब! पोटाकडे बघ!"

तिने मान खाली घातली. पोटाच्या मधोमध डोंगराची धार निघावी तसा उंचवटा आला होता. ती घाबरून मागे बसली.

नणंदेने तिला आडवं केलं, बेंबीच्या वर बोटं टेकवली. बोटं अलगद आत गेली. "बघ. दोन्हीकडचे स्नायू अजून एकमेकांना भेटलेले नाहीत. त्यांना जवळ आणायचं सोडून तू आणखी ताणत होतीस."

"पण किती सरळ फिरतं गं ते!"

"मग त्याच्यावर माती थाप, माझे आई. पोट कशाला थापतेस?"

दोघी हसल्या. हसताना पोट पुन्हा उंचावलं, तसा तिने त्यावर हात ठेवला.

"मग काय आणू?"

"घरात सतरंजी आहे?"

"आहे."

"झालं तर. आडवं पडायचं, श्वास सोडताना पोट हळूच आत घ्यायचं. तूर्तास एवढंच."

"पुढच्या भट्टीपर्यंत जमेल?"

नणंदेने नजर चुकवली नाही. "नाही, वहिनी. तिच्या पुढच्या भट्टीचंही वचन मी देणार नाही."

नणंद गेल्यावर तिने बाईंना फोन लावला. "मोठ्या कुंड्या दुसऱ्या कुणाला सांगा." पलीकडून चाकांची घरघर येत होती, लांबच्या पाण्यासारखी.

"लहान वाट्या करशील?" बाई म्हणाल्या. "त्यांना जोर लागत नाही."

"करीन," ती म्हणाली. फोन ठेवला.

मग तिने सतरंजी अंथरली. श्वास आत, श्वास बाहेर. छतावर उन्हाचा कवडसा संथ सरकत होता. खारूताई येऊन शेजारी पसरली आणि तिच्या पोटावर हात ठेवून वर-खाली होणं बघत राहिली.

"मी इथे होते?"

"हो, इथेच."

"आणि बाळ?"

"तेही."

लेकीने पोटाला कान लावला. श्वास रोखून खूप वेळ ऐकत राहिली.

"आई, आम्ही दोघं बाहेर आलो. मग आता आत कोण राहतं?"