ढिगाखालची जमीन

आमचं वीजकेंद्र कोळशावरून गॅसवर न्यायचं ठरलं, तेव्हा पहिली कुऱ्हाड कोळशाच्या आवारावर पडणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी कंट्रोल रूममध्ये बसणारा. भट्टी कोळशाची असो की गॅसची, स्क्रीनसमोर माणूस लागतोच. मर्ना मात्र कोळशाच्या ढिगावर बुलडोझर चालवायची.

मर्ना माझ्या थोरल्या भावाची, लॉर्नची बायको. आधी बुलडोझर लॉर्न चालवायचा. ढिगाखाली जमिनीत एक तोंड होतं, तिथून कोळसा भट्टीकडे जाणाऱ्या सरकत्या पट्ट्यावर पडायचा. एका जानेवारीत वरचा थर गोठून कडक झाला, खालून कोळसा ओढला गेला आणि आत पोकळी झाली. वरून काही दिसत नव्हतं. लॉर्न मशीनसकट आत गेला. त्याला बाहेर काढेपर्यंत दुपार झाली होती.

वसंतात मर्नाने शाळेच्या कॅन्टीनची नोकरी सोडली आणि त्याच्या जागेसाठी अर्ज दिला. गावाने नावं ठेवली. मी विचारलं तर म्हणाली, "त्यांना माणूस हवाय ऑरेस्ट, आणि मला चालवता येतं." ती शेतावरचीच पोर, ट्रॅक्टरवर वाढलेली. पुढे इतकी वर्षं ती त्या ढिगावर वर-खाली करत राहिली. त्या तोंडाभोवती कंपनीने खुणेचे खांब रोवले होते. ती त्यांच्या आत कधी गेली नाही आणि त्याबद्दल कधी बोललीही नाही.

शेवटच्या हिवाळ्यात खाणीतून ट्रक यायचे थांबले. ढीग खाली खाली जात राहिला. मार्चमध्ये एका सकाळी मर्नाने मला आवारात बोलावलं. खांब काढलेले होते. काळ्या जमिनीत काँक्रीटची चौकोनी कड होती, मधे लोखंडी जाळी.

"हेच?" मी विचारलं.

"हेच." ती बराच वेळ बघत राहिली. "मला वाटलं होतं, मोठं असेल."

थंडी होती, आम्ही दोघं आपापल्या कामाला गेलो.

शेवटचा कोळसा ढकलायच्या दिवशी ऑफिसातला डेल फोटोग्राफर घेऊन आला. केकही होता, वर हिरव्या क्रीमने 'नवी सुरुवात' लिहिलेलं. मर्नाला मशीनवर बसवून फोटो काढले.

"हसू का?" तिने विचारलं.

"तुम्हाला वाटलं तर," फोटोग्राफर म्हणाला.

ती हसली नाही. केक खाल्ला, प्लेट कचऱ्यात टाकली आणि डेलला म्हणाली, "माझ्या सासूला इथे प्रार्थना करायची आहे. तोंड बुजवायच्या आधी."

आई गेली कित्येक वर्षं हेच म्हणत होती. लॉर्नला दफनभूमीत पुरलं होतं खरं, पण आईच्या मते त्याचा जीव आवारातच अडकला होता. डेल डोकं खाजवत म्हणाला, "हेल्मेट घालावं लागेल. सगळ्यांना. फादरनाही."

मग रविवारी ती वरात निघाली. आईच्या डोक्याला रुमाल, त्यावर पिवळं हेल्मेट. फादर मिरॉनच्या सोनेरी झग्यावर चमकत्या पट्ट्यांचं जाकीट. मृतांच्या प्रार्थनेला करतात तसे मधात शिजवलेले गहू आईने आणले होते, मधोमध मेणबत्ती खोचून. वाऱ्याने मेणबत्ती सारखी विझत होती, तेव्हा आई फादरवर खेकसली, "तुम्ही जरा लवकर आटपा, देवाला सगळं पाठ आहे."

आम्ही मृतांसाठीचं 'शाश्वत स्मृती' हे गीत तीनदा म्हटलं. आई रडली. मीही थोडा. मर्ना हात खिशात घालून उभी होती. आईने तिचा दंड धरला. "रड गं. आता तरी रड."

"येत नाहीये, आई."

"त्याला वाईट वाटेल."

"त्याला माहीत आहे मी कशी आहे ते."

आईने दंड सोडला नाही, पण पुन्हा काही म्हणाली नाही. मग तिने सगळ्यांना गहू वाटले, डेललाही. तो हातमोजे काढून नीट खात होता.

सोमवारी मर्नाने ते तोंड खडीने भरलं. ते काम कंत्राटदाराचं होतं. पण तिने मागून घेतलं. मी वरून खिडकीतून पाहिलं. एकेक खेप आत ढकलायची, मागे जायची, पुन्हा यायची. शेवटी तिने वरून दोनदा मशीन फिरवलं, पूर्वी खांब होते त्या जागेच्या आतून, बरोबर मधून. मग मशीन शेडमध्ये लावून चावी टांगली.

उन्हाळ्यात गॅस आला. कोळसा दळणाऱ्या गिरण्या बंद, त्यामुळे पायाखालची थरथर गेली. मी बटण दाबलं आणि भट्टीच्या झरोक्यातून पाहिलं. पूर्वी तिथे डोळे दिपवणारा नारिंगी जाळ असायचा. आता निळसर काहीतरी हलत होतं, असेल-नसेल असं. आकडे मात्र बरोबर होते. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या.

मर्ना आता जिल्ह्याच्या रस्त्यांवर ग्रेडर चालवते, खडीचे रस्ते सपाट करते. मध्यंतरी रविवारी आईकडे जेवायला आली होती. आई म्हणाली, "हल्ली दोरीवरच्या चादरींवर काजळी बसत नाही."

"बरं झालं," मर्ना म्हणाली आणि ताट पुढे करून आणखी एक कोबीच्या पानाची भरलेली गुंडाळी मागून घेतली.