पंख्याची साखर नियंत्रणात

हडपसरच्या त्या मंगल कार्यालयात त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. लग्न कुणाचंच नव्हतं, तरी दाराला तोरण होतं आणि बाहेर चपलांचा डोंगर. व्यासपीठावर ओळीने अकरा माठ मांडले होते आणि त्यांच्या मधोमध अवधूतबाबा बसले होते. त्यांच्या मागच्या पडद्यावर एकच ओळ झळकत होती : ३१८ पैकी २९७.

"माउलींनो," बाबा म्हणाले, "डॉक्टर म्हणतो साखर रक्तात आहे. अहो, रक्त लाल, साखर पांढरी. कुठे जमायचं यांचं? साखर असते मनात. माठात पाणी निवतं, तसं मन निवलं की साखर निवते."

पुढच्या रांगेतल्या, गळ्यात आयटी कंपनीचं ओळखपत्र अडकवलेल्या एका गृहस्थांनी मान डोलावली. शिक्षणाने माणूस सुधारतो म्हणतात, त्याचा हा नमुना.

"आणि हे मी सांगत नाही. कॉम्प्युटर सांगतोय. पहिल्या शिबिरात तीनशे अठरा जणांची नोंद झाली. दोनशे एकसष्ट जणांची साखर वाढलेली. सगळ्यांनी चाळीस दिवस माठाचं तीर्थ घेतलं. आज दोनशे सत्त्याण्णव जणांची साखर नियंत्रणात! कॉम्प्युटरला श्रद्धा असते का? नसते ना? मग आणखी काय पुरावा हवा?"

हॉल दणाणला. मी शेवटच्या रांगेत मान खाली घालून बसलो होतो, कारण बाबा ज्याच्या नावाने पुरावा देत होते तो फॉर्म मी तयार केला होता.

मी श्रीधर. कोथरूडला राहतो. एका सरकारी कार्यालयात एकतीस वर्षं संगणकावर नोंदींचे फॉर्म तयार केले आणि निवृत्त झालो. देवधर्माशी माझं भांडण नाही, पण बाबालोकांशी आहे. आमच्याच कार्यालयात शिपाई असलेले सोनबा हडपसरचे. जमीन गेली, इमारत उभी राहिली, माणूस मात्र तोच. एक दिवस ते घरी आले.

"भाऊसाहेब, बाबांचं शिबिर हाय. आधी साखर तपासायची, चाळीस दिसांनी परत तपासायची. नोंदीला कॉम्प्युटर पायजे. तुमच्याइतकं कुणाला येतंय?"

मला आनंदच झाला. आधीचा आकडा आणि नंतरचा आकडा शेजारी शेजारी आला की बाबाचं पितळ आपोआप उघडं पडेल. आपण फक्त फॉर्म द्यायचा.

"बाबाच्या नादी लागू नका," बायको म्हणाली.

"वासंती, मी त्याला उघडा पाडायला चाललोय."

"तेच म्हणतेय मी," ती म्हणाली आणि भाजी निवडायला बसली.

पहिलं शिबिर नीट झालं. फॉर्ममध्ये नाव, वय, साखरेचा आकडा आणि शेवटी एक यादी होती. बाण दाबला की ती खाली उघडायची : वाढलेली, नियंत्रणात, तपासली नाही. यातलं एक निवडल्याशिवाय नोंद जतन व्हायचीच नाही. सोनबांची सून अपेक्षा आणि तिच्याबरोबरचे सेवेकरी कुरकुरले, पण प्रत्येकाचा आकडा पाहून त्यांनी निवड केली. सोनबांची साखर दोनशे ऐंशी. ते गेली नऊ वर्षं इन्शुलिनवर.

दुसऱ्या शिबिराच्या आदल्या दिवशी अपेक्षाचा फोन आला. "काका, ती लिस्ट प्रत्येक वेळी उघडून सिलेक्ट करावी लागते, लाइन फार लांब होते. काहीतरी डीफॉल्ट टाका ना!"

डीफॉल्ट म्हणजे फॉर्म उघडताच आधीपासून निवडलेला पर्याय. तुम्ही हात लावला नाहीत तर तोच जतन होतो. तिन्हींपैकी कुठला ठेवावा याचा मी विचार केला असता तर 'तपासली नाही' ठेवला असता. पण एकतीस वर्षांत मी तो विचार कधी केला नव्हता. आमच्याकडे नियम नव्हता, रिवाज होता : ज्या पर्यायाने पुढे कुणाला काही करावं लागणार नाही, तो आधी. 'तक्रार नाही.' 'थकबाकी नाही.' 'शेरा नाही.' दुसरं काही निवडलं की साहेबांची सही लागायची आणि साहेबांना ते आवडायचं नाही. माझा हात त्याच वळणाने गेला. मी 'नियंत्रणात' ठेवलं आणि दोन मिनिटांत काम उरकल्याचा आनंद मानला.

दुसरं शिबिर होऊन आठ दिवसांनी, त्या रविवारच्या सभेतून बाहेर पडताना सोनबा भेटले. चेहरा फुललेला, पण एका पायाने लंगडत होते. अंगठ्याला फडकं बांधलेलं.

"चप्पल चावली. त्याचं काय येवढं? भाऊसाहेब, माझं बी नाव हाय बरं का त्या दोनशे सत्त्याण्णवात. सुई बंद केली. आठ दिस झाले."

मी त्यांना थांबवलं. "सोनबा, दुसऱ्या वेळी तुमचं रक्त कुणी तपासलं?"

"मी कुठं रांगेत हुतो? मी माठ भरत हुतो. सुनंनं नाव घातलं."

"मग साखर किती आली ते कुणाला ठाऊक? आजच्या आज सुई सुरू करा."

"तुमचं आपलं नेहमीचंच," ते हसत म्हणाले. "सगळ्यांसमोर सांगा बाबास्नी. मग ऐकतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अपेक्षाला घेऊन नोंदी उघडल्या. दुसऱ्या शिबिरात साखरेचा आकडा फक्त चौसष्ट जणांपुढे होता. बाकी दोनशे चोपन्न रकाने रिकामे.

"साखर तपासायच्या पट्ट्या संपल्या होत्या, काका," ती हळूच म्हणाली. "बाबा म्हणाले, नावं तरी घाला. मग आम्ही नाव टाकायचो आणि एंटर मारायचो."

नोंदींच्या वेळा पाहिल्या. दर सात सेकंदांना एक माणूस बरा झाला होता. तपासलेल्या चौसष्टांत एकवीस जणांची साखर वाढलेली होती, आणि तेवढ्यांपुढेच कुणीतरी यादी उघडून तसं लिहिलं होतं. उरलेले सगळे, तपासलेले असोत वा नसोत, नियंत्रणात. चमत्कार माठातून आला नव्हता. तो मी कोथरूडच्या घरी, चहा पिता पिता, एका चौकटीत ठेवला होता.

गुरुवारी पुन्हा सभा होती. अपेक्षाने लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडला आणि बाबांनी काही म्हणायच्या आत मी माइक घेतला.

"मी हा फॉर्म बनवला. आता एक नवा रुग्ण भरतो." सगळ्यांसमोर मी टाइप केलं. नाव : पंखा. वय : बारा. साखरेचा आकडा रिकामा. एंटर. पडद्यावर ओळ उमटली : पंखा, नियंत्रणात.

हॉलमध्ये हशा पिकला. मी माठ भरला. माठ नियंत्रणात. बाबांची खुर्ची भरली. तीही नियंत्रणात. मग मी सगळं समजावून सांगितलं, रिकामे रकाने दाखवले, आणि चूक माझी आहे हेही सांगितलं. "ज्यांनी औषध सोडलंय त्यांनी आजच सुरू करा. हात जोडतो."

मला वाटलं, जिंकलो.

बाबा मंद हसले. "माउलींनो, यादीत तीन गोष्टी होत्या. यांनी 'वाढलेली' का नाही ठेवली? 'नियंत्रणात'च का ठेवली? यांचा माझ्यावर विश्वास नाही. तरी यांच्या बोटाला ती बुद्धी कुणी दिली?"

टाळ्यांनी छत उडायची वेळ आली. ते आयटीवाले गृहस्थ उभे राहून टाळ्या वाजवत होते. एका बाईंनी तर पुढे येऊन माझ्याच पाया पडून घेतलं.

बाहेर सोनबा एकटेच कट्ट्यावर बसले होते. त्यांना टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या नव्हत्या, एवढाच मला आधार.

"पटलं ना, सोनबा?"

"पटलं," ते म्हणाले. "खरं सांगू? बाबावर माझा इस्वास न्हवताच. मी सुई सोडली ती तुमच्या यादीपायी. म्हटलं, भाऊसाहेबांचं काम हाय, चुकायचं न्हाई."

मी त्यांच्या शेजारी कट्ट्यावर बसलो.

"आता तुम्हीच म्हणता ती यादी खोटी. मग दवाखान्यातला कॉम्प्युटर तरी खरा कशावरनं? तिथं बी कुणीतरी तुमच्यासारखाच बसला आसंल."

मी तासभर समजावलं. तपासून लिहिलेलं आणि न तपासता लिहिलेलं यातला फरक सांगितला. ते "बघू उद्या" म्हणाले. तो उद्या काही आला नाही. अपेक्षाने सुई पुढे केली तरी ते हात मागे घ्यायचे.

तीन आठवड्यांनी त्यांना तापाच्या ग्लानीत एका मोठ्या दवाखान्यात नेलं. फडकं सोडलं तेव्हा अंगठा काळा पडला होता. नोंदणीच्या खिडकीतल्या मुलीने नाव विचारलं, वय विचारलं आणि मग न विचारता कळ दाबत पुढे पुढे गेली. काचेतून मला पडदा दिसत होता. मधुमेह : नाही.

"थांबा!" मी ओरडलो. "विचारा ना त्यांना! न विचारता कसं भरता?"

"काका, ते आपोआप येतं," ती दमलेल्या आवाजात म्हणाली. "नंतर डॉक्टर बदलतात."

स्ट्रेचरवरून सोनबांनी डोळे किलकिले केले. "हितं बी तसंच हाय का, भाऊसाहेब?"

तिने ते बदललं. पाय मात्र गुडघ्याखाली काढावा लागला. आता ते घरी खिडकीत बसून असतात. मी भेटायला गेलो की ते चहा मागवतात आणि यादीचा विषय काढत नाहीत. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

बाबांनी त्या नोंदींचा पासवर्ड बदलला आहे. सोनबांच्या नावापुढे आजही 'नियंत्रणात' आहे आणि त्याच यादीत पंखा आहे, तोही नियंत्रणात. पुढच्या शिबिराचे फलक लागलेत, त्यांवर ३१८ पैकी २९७ हा आकडा माठापेक्षा मोठा छापलाय. मी तक्रार दिली आहे. तिची नोंद करताना समोरच्या माणसाने तीनदा एंटर मारलं.

हे वाचून कुणी शहाणं होईल अशी मला फार आशा नाही. तरी सांगतो. तुमच्या नावापुढे काही लिहिलेलं दिसलं, मग ते बाबाने लिहिलेलं असो की यंत्राने, तर एवढंच विचारा : हे कुणी तपासलं, आणि कधी? उत्तर मिळालं नाही तर औषध सोडू नका. आणि तुम्ही माझ्यासारखे फॉर्म करत असाल, तर ती निवडीची चौकट रिकामी ठेवा. रांग लांब होईल, लोक कुरकुरतील. कुरकुरू द्या.

सोनबा दोन पायांवर त्या रांगेत उभे राहिले असते.