आजोबांच्या मापाचं वल्हं

उयार्नेकचे आजोबा समुद्रात बुडून गेले आणि थोड्याच दिवसांत ती जन्मली, म्हणून उत्तरेकडच्या बर्फाळ मानिट्सोक गावच्या रीतीप्रमाणे तिला त्यांचंच नाव मिळालं. नावाबरोबर गेलेला माणूसही परत येतो, असं तिथे मानतात. तेव्हापासून साबीनेआजी नातीला "अहो" म्हणते आणि सीलच्या काळजाचा पहिला तुकडा तिलाच वाढते. लहानपणी उयार्नेकला गंमत वाटायची. आता शाळा संपत आली होती, आणि "अहो" ऐकलं की तिचा जीव कोंडायचा.

ती कयाक, म्हणजे एकट्याने वल्हवायची निमुळती होडी, शिकायला निघाली, तेव्हा आजीने माळ्यावरून आजोबांचं वल्हं काढलं.

"घ्या, तुमचंच आहे. हाताला पुन्हा सवय होईल."

वल्हं ज्याचं त्याच्या अंगाचं माप घेऊनच करतात. पसरलेल्या हातांची एक वाव, वर कोपरापासून बोटांपर्यंत एक हात. आजोबा उंचेपुरे आणि उयार्नेक हाडापेराने बारीक. दांडा तिच्या खांद्यांना रुंद पडे, दोन्ही टोकांची पाती मुठीत मावेनात. तरी आजीच्या तोंडाकडे बघून तिने ते खांद्यावर घेतलं.

खाडीत कयाकसकट उलटून पुन्हा सरळ व्हायचा सराव चालला होता. वल्ह्याचं लांबलचक टोक तळाच्या खडकांत रुतलं. डोकं खाली, कातडी जाकीट कयाकच्या तोंडाला घट्ट आवळलेलं. ती दांडा ओढतच राहिली. शेवटी तोबियासमामाने पाण्यात उडी घेऊन कयाक फिरवली.

"अगं गाढवे, सोडून द्यायचंस ना ते!"

"आजी बघत होती," ती खोकत म्हणाली.

मामाने तिला तसंच सुतारकामाच्या खोलीत नेलं. "पसर हात."

दारात आजी येऊन उभी राहिली. "मापं कसली घेतोस? बापाचं माप विसरलास?"

"आई, बाप मेला माझा. आज ही पोर गेली असती."

"अहो, तुम्ही तरी सांगा ह्याला."

उयार्नेकचे हात पसरलेलेच होते. "आजी, माझे हात एवढेच आहेत गं."

आजी पाठ फिरवून निघून गेली.

नवं वल्हं हातात अलगद बसलं. पहिल्याच दिवशी उयार्नेकने खाडीच्या तोंडाकडे कयाक वळवली. पलीकडे मोकळा समुद्र होता. मागे पाणी खळबळलं म्हणून तिने वळून पाहिलं. आजी बुटांसकट पाण्यात शिरत होती, गुडघाभर पाण्यात आलीसुद्धा.

"तिकडे नाही जायचं! ह्या वेळी नाही जाऊ द्यायची मी तुम्हाला!"

उयार्नेक थोडा वेळ तशीच तरंगत राहिली. मग तिने कयाक किनाऱ्याला लावली, आजीला धरून बाहेर काढलं, आणि तिचे ओले बूट उतरवायला खाली बसली.