पिण्याचं तेवढं तू बघ

रबराची ती तांबडी चकती दोन बोटांत धरून दाबली की तिच्यावर केसासारख्या भेगा उमटत, बोटं सैल सोडली की नाहीशा होत... आणि हेस्टर मघापासून तेच करत बसली होती — दाबायचं, सोडायचं, पुन्हा दाबायचं. बाटल्या अजून चांगल्या होत्या, जाड हिरवट काचेच्या, तारेच्या फासाने बूच आवळायच्या. पण चकती कुजली की आत हवा शिरते आणि सरबत आंबून जातं. म्हणजे नव्या चकत्या आणायला हव्यात. चकत्या, लिंबं, साखर, बर्फ... उघड्या दारातून कुंपणाकडच्या एल्डरच्या झुडपांवरच्या फुलांचा वास येत होता — मधासारखा, आणि मधाच्या खाली जरासा उग्र. ऊन चढलं होतं. सरबताची फुलं खुडायची तर आत्ताच, दव वाळल्यावर आणि मधमाश्यांनी परागकण नेण्याआधी. तरी ती उठली नाही.

"पिण्याचं तेवढं तू बघ ना, हेस्टर," टॅम्सिन म्हणाली होती, फेब्रुवारीत, याच टेबलाशी, कोट न काढताच. जुलैत लग्न, गावच्या हॉलमध्ये आणि हॉलमागच्या कुरणात. केटरर वगैरे परवडणार नव्हता. नवरदेव इड्रिस सुतारकाम करायचा, टॅम्सिन नर्सरी शाळेत शिकवायची. इड्रिसच्या घरचे मांस भाजून आणणार, आत्या-मावश्या सॅलड आणणार, केक शेजारीण करणार. "आणि पिण्याचं तुझ्याइतकं चांगलं कुणाला जमणार?" हेस्टर तेव्हा हसून हो म्हणाली होती, आणि ती गेल्यावर बराच वेळ दाराची कडी हातात धरून उभी राहिली होती. एखाद्या लग्नात जिला नेमकी जागा नाही तिला काहीतरी काम द्यावं लागतं, आणि काम दिलं की ती बाई तिथे का आहे, हे कुणी विचारत नाही... टॅम्सिनने असा विचार केला नसेल. तिच्या मनात असलं काही येत नाही. माझ्याच मनात येतं.

कारण तिला काय म्हणायचं ते कधी ठरलंच नव्हतं. गॅरेथच्या घरी ती राहायला आली तेव्हा टॅम्सिन पाच वर्षांची होती आणि तिची आई ज्युडिथ पोर्तुगालला निघून गेली होती, कायमची, एका माणसासाठी. गॅरेथने आणि हेस्टरने लग्न केलं नाही — करू, करू म्हणता राहून गेलं — त्यामुळे सावत्र आई हा शब्दसुद्धा तिच्या वाट्याला आला नाही. बाबांची मैत्रीण. दुधाचे दात पडले, गोवर झाला, गणितात नापास होऊन रडणं झालं, पहिला मुलगा आला आणि गेला, आणि या सगळ्यात ती बाबांची मैत्रीणच राहिली. पुढे गॅरेथशी पटेनासं झालं तेव्हा बाबांची मैत्रीणही राहिली नाही. घर त्याचं होतं. मुलगी त्याची होती. मी माझ्या वस्तू गाडीत भरल्या तेव्हा ती कॉलेजच्या वसतिगृहात होती, आणि फोनवर म्हणाली, मग आता सुट्टीत मी कुणाकडे येऊ...

फोन वाजला. टॅम्सिनच होती.

"हेस्टर, ऐक ना, आई आलीये."

"हो? कधी?"

"परवा. आणि ऐक, ती म्हणतेय, सगळ्यांनी आमच्या नावाने ग्लास उंचावायचे ना, त्या वेळची शॅम्पेन ती देणार. खरीखुरी शॅम्पेन! म्हणजे तुझा केवढा भार कमी झाला बघ."

"छानच की."

"फक्त... आपलं ठरलं होतं ना, स्वस्तातली फसफसणारी वाइन घ्यायची आणि प्रत्येक ग्लासात तुझं फुलांचं सरबत चमचाभर घालायचं? तर ते मग नको घालूया. शॅम्पेनमध्ये घातलं तर तिला वाईट वाटेल."

"नकोच घालायला. शॅम्पेनमध्ये कोण सरबत घालतं?"

"तुला राग नाही ना आला?"

"वेडी आहेस का? खर्च वाचला. मुलांना पाजू ते सरबत, आणि गाडी चालवणाऱ्यांना."

"तू म्हणजे ना..." टॅम्सिन म्हणाली, आणि पलीकडे कुणीतरी हाक मारली म्हणून ते वाक्य तसंच राहिलं. हेस्टर फोन धरून थोडा वेळ थांबली, वाक्य पुरं व्हायची वाट पाहत असल्यासारखी. मग टोपली घेऊन बाहेर गेली आणि फुलं खुडली — छत्रीसारखे पांढरे गुच्छ, एकेक हलवून त्यातले किडे झाडायचे, पण धुवायचं नाही, धुतलं की चव पाण्याबरोबर जाते. मुलांना आणि गाडी चालवणाऱ्यांना. तिचं तिलाच हसू आलं. एवढ्या फुलांचं सरबत गाडी चालवणारे पिऊन संपवणार असतील तर अर्धा परगणा लग्नाला यायला हवा.

दुपारी ती प्रीसच्या मळ्यावर गेली. सायडर, सफरचंदाची हलकी दारू, तिथलीच घ्यायची हे तिने केव्हाच ठरवलं होतं. दुकानातल्या बाटल्यांपेक्षा पिंप स्वस्त पडतं, आणि उन्हात माणसांना थंड, आंबट, हलकं असंच काही प्यावंसं वाटतं. विल्फ प्रीसने हा मळा अलीकडेच घेतला होता, त्यामुळे तो तिला ओळखत नव्हता. लालबुंद तोंडाचा, पोट सावरत चालणारा म्हातारा. पिंपाची तोटी सोडून त्याने तिला अर्धा ग्लास भरून दिला.

"घ्या बाई. गोड लागली तर जीभ तुमची बिघडली, आंबट लागली तर सायडर चांगली."

"आंबटच आहे."

"मग काय! कुणाचं लग्न?"

"टॅम्सिनचं. नर्सरीत शिकवते ती."

"ती उंच पोरगी? आमच्या नातवाला नाक पुसायला तिनेच शिकवलं! म्हणजे तुम्ही नवरीच्या आई. आधी नाही का सांगायचं?" त्याने लगेच कानामागची पेन्सिल काढून पिंपावर लिहिलेला आकडा खोडला. "आपला नियम आहे. नवरीच्या आईकडून निम्मेच पैसे घ्यायचे. बिचारीने पोरगीही द्यायची आणि वर पैसेही द्यायचे, हे काही खरं नाही."

हेस्टरने ग्लासातला उरलेला घोट तोंडात धरून ठेवला. गिळला की काहीतरी बोलावं लागणार होतं. काहीच न बोलता नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं, आणि ती हललीही बहुधा, कारण म्हातारा खूश होऊन पिंपाला चिठ्ठी चिकटवायला लागला. त्या चिठ्ठीवर त्याने मोठ्या अक्षरांत लिहिलं, नवरीची आई. शाई ओली होती. ते शब्द असे लाकडावर लिहिलेले, तिच्यासाठी लिहिलेले, तिने आयुष्यात पहिल्यांदा पाहिले, आणि ती पाहतच राहिली — कुणाचं काय जाणार होतं? हे पिंप धुऊन परत येईल, चिठ्ठी गळून पडेल, ज्युडिथला कधी कळणारसुद्धा नाही... पण पिंप कुरणात मांडलं जाईल, आणि टॅम्सिन तिथे ग्लास भरायला येईल, आणि वाचेल.

"मी तिची आई नाही," ती म्हणाली.

विल्फ प्रीस थांबला. "मग कोण?"

"मी तिला वाढवलं."

हे वाक्य तिने याआधी मोठ्याने कधी उच्चारलं नव्हतं. बाहेर पडल्यावर ते तिला वाटलं होतं त्यापेक्षा फारच लहान निघालं. म्हाताऱ्याने पिंपाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि त्याच्या तोंडावर खरोखरची अडचण दिसली.

"अरेरे," तो म्हणाला. "मग पूर्ण पडतील हो, बाई."

"पूर्णच घ्या."

गाडीत बसल्यावर तिला हसू फुटलं, मोठ्याने, एकटीला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आणि मग नुसतं पाणीच येत राहिलं. लग्नाच्या पैशांत न बसणारे वरचे पैसे तिने स्वतःच्या पर्समधून घातले होते. टॅम्सिनला त्यातलं काही सांगायचं कारण नव्हतं.

हॉलवर ती पोचली तेव्हा दार उघडंच होतं. कुरणात टॅम्सिन आणि इड्रिस पावलं टाकत तंबूची जागा मोजत होते, भांडत आणि हसत. टॅम्सिनने दुरून दोन्ही हात हलवले. आत, दुकानाने फुकट वापरायला दिलेल्या ग्लासांच्या खोक्यांपाशी एक बारीक, उन्हाने रापलेली बाई उभी होती, हातात काहीच नसल्यामुळे हातांचं काय करावं हे न कळणारी. तिची जिवणी टॅम्सिनची होती. म्हणजे उलट — टॅम्सिनची तिच्यासारखी होती. हेस्टरला वाटत होतं की हिला पाहून आपल्याला राग येईल, तयारीही होती रागाची; पण ती जिवणी पाहिली आणि राग कुठे ठेवला होता तेच सापडेना.

"तुम्ही हेस्टर," ज्युडिथ म्हणाली.

"हो. पिण्याचं टेबल बाहेर, उत्तरेच्या भिंतीशी लावायचंय," हेस्टर भरभर बोलायला लागली, "तिथे सावली राहते. पत्र्याचा मोठा टब आहे, त्यात बर्फ, बाटल्या त्यात. आणि पाण्याच्या सुरया आधी ठेवायच्या, दिसतील अशा. नाहीतर लोक उन्हातून येतात आणि तहान वाइनवर भागवतात, मग चारच्या सुमाराला पडतात कुंपणात."

"तुम्ही किती विचार केलाय," ज्युडिथ म्हणाली. आणि मग, कुरणाकडे एकदा पाहून घेऊन, आवाज उतरवून, "एक विचारू? मी काल तिच्यासाठी एक बाटली उघडली. चाखायला. तिने ओठाला लावली आणि तशीच ठेवली. मी स्वैपाकघरात गेले तर तिने ती सिंकमध्ये ओतली होती. काही बोलली नाही. तिचा माझ्यावर अजून राग आहे, हो ना? तुम्हाला माहीत असेल. ती माझं काही घेणार नाही."

खिडकीतून येणाऱ्या उन्हाच्या पट्ट्यात धूळ तरंगत होती. हेस्टरने एक ग्लास खोक्यातून उचलला, उजेडात धरला, पुन्हा ठेवला. राग नव्हता. कसला राग? बुडबुडे होते. तिच्या सातव्या वाढदिवसाला लेमोनेडचा पहिला घोट नाकात गेला आणि ती किंचाळत टेबलाखाली शिरली, आणि मी काटा घेऊन तिच्याजवळ खाली बसले आणि ग्लास ढवळत राहिले, ढवळत राहिले, सगळा फेस उडून जाईपर्यंत... आता बघ, आता ते झोपले. तेव्हापासून प्रत्येक वेळी. वाढदिवसाला, नाताळात, पदवीच्या दिवशी हॉटेलात, कुणाला दिसू नये म्हणून टेबलाच्या कडेआड. ती चोवीस वर्षांची झाली तरी नुसता ग्लास पुढे सरकवायची, न बोलता. आणि लग्नातसुद्धा, त्या स्वस्त वाइनचा बेत ठरला तेव्हा हेस्टरने हे मनात मांडून ठेवलं होतं: सगळे भाषण ऐकत असतील, ती टेबलामागे पाठमोरी उभी राहील, नवरीचा ग्लास काट्याने ढवळेल, आणि मग स्वतः नेऊन देईल. तेवढंच. सबंध लग्नात तेवढं एक कुणाचं नसलेलं, आपलं.

गप्प बसणं किती सोपं होतं. 'मला नाही माहीत' म्हणायचं. ही बाई त्या दिवशी ग्लास देईल, टॅम्सिन ओठाला लावून खाली ठेवेल, आणि ही जन्मभर समजत राहील की मुलीने आपल्याला माफ केलं नाही... आणि तसं पाहिलं तर, हेच हिच्या वाट्याला यायला हवं होतं.

"तिला बुडबुडे सहन होत नाहीत," हेस्टर म्हणाली. तिचा आवाज तिला अनोळखी वाटला. "नाकात जातात. लहानपणापासून. काट्याने ढवळायचे."

"काट्याने?"

"कुठलाही काटा. जेवणाचा. फेस बसेपर्यंत. मग पिते ती. आवडीने पिते."

ज्युडिथने हसायला तोंड उघडलं, पण हसू आलं नाही. तिने हेस्टरचं मनगट धरलं, घट्ट, बुडणाऱ्या माणसाने धरावं तसं, आणि पटकन सोडलंही. "मला हे माहीतच नव्हतं गं," ती म्हणाली. तुम्ही-तुम्ही करता करता ती 'तू'वर कधी आली, दोघींनाही कळलं नाही.

दारात टॅम्सिन आली, केसांत गवत घेऊन. "काय कुजबुज चाललीये दोघींची?"

"ग्लास मोजतोय," ज्युडिथ म्हणाली.

"हेस्टर, तुझी बसायची जागा ठरली हं. पिण्याच्या टेबलाजवळची खुर्ची ठेवलीये तुला. म्हणजे सारखं उठायला बरं." आणि जाता जाता तिने आपली घामेजलेली हनुवटी हेस्टरच्या खांद्यावर क्षणभर टेकवली, लहानपणी काही हवं असलं की टेकवायची तशी. आता तिला काही नको होतं.

संध्याकाळी हेस्टरने लिंबांच्या चकत्या कापल्या, फुलांवर साखरेचं गरम पाणी ओतलं, पातेल्यावर मलमलचं फडकं बांधलं. उजेड अजून पुष्कळ होता. या दिवसांत तो जाता जात नाही. ती दारात उभी राहिली. आता रात्रभर काही करायचं नव्हतं, मुरू द्यायचं. तिला वाटलं होतं की ते सांगून टाकल्यावर हलकं वाटेल, किंवा लुटल्यासारखं तरी; पण तसं काहीच नव्हतं. होतं ते फक्त ते दृश्य, जे आता तिच्या हातात राहिलं नव्हतं: ज्युडिथ रुमालातून काटा काढतेय, अवघडत, सगळ्यांदेखत, ढवळतेय... जास्तच ढवळेल ती, पहिल्यांदा सगळे जास्तच ढवळतात. आणि टॅम्सिन त्या काट्याकडे बघतेय. मग आईकडे. आणि मग तिला कळेल, हे हिला कुणी सांगितलं ते, आणि ती मान वळवेल.

त्या वेळी मी तिथे नको, हेस्टरने ठरवलं. त्या वेळी मी टबाशी असेन, वाकलेली, बर्फात हात घालून, तिच्याकडे पाठ करून. हे योग्य होतं. दिवस तिच्या आईचा होता. तिने मनातल्या मनात टब भिंतीशी नीट लावून पाहिला, पाणी इकडे, सायडर तिकडे, आणि स्वतःला त्याच्यावर वाकवून उभं केलं. पण टब हलत होता. एकदा खिडकीखाली सरकला, मग दाराशी, मग हळूहळू टेबलाच्या त्या बाजूला, जिथे सावली नाही, बर्फ तासाभरात वितळून जाईल, सगळं चुकीचं — पण जिथे उभं राहिलं की नवरीची खुर्ची समोर दिसते. तिने तो पुन्हा भिंतीकडे ढकलला. तो पुन्हा आला.