तक्रार नोंदलेली नाही

वहिनीचं काम म्हणजे दुसऱ्यांच्या संशोधनाला मार्क देणं. या खेपेला केसगळतीवरची गोळी होती आणि तिच्यामुळे मन उदास होतं का, हा प्रश्न. प्रत्येक अभ्यास ती आणि समोरच्या टेबलावरचे सर वेगवेगळा तपासायचे, मग बसून एकमत करायचं. सरांच्या डोक्यावर एकही केस नव्हता, म्हणून ते स्वतःला निःपक्षपाती समजत.

"हा चांगला आहे," सर म्हणाले. "शेकडो पुरुष, आणि उदासीची एक तक्रार नाही."

"विचारलं कुठे होतं? आले, केस मोजून घेतले, गेले."

"विचारलं की वाटतंच माणसाला. मला रोज विचारा, पोट दुखतंय का म्हणून. आठवड्यात दुखायला लागेल."

"आणि विचारलं नाही की दुखायचं थांबतं?"

सर चष्मा पुसत बसले. एकमत झालं नाही.

तो अभ्यास खोटा ठरावा असं वहिनीला मनातून वाटत होतं, आणि तेच तिला डाचत होतं. घरात तीच गोळी होती. धाकटा दीर न्हावी, दिवसभर आरशासमोर उभा. विरळ डोक्याचा न्हावी बघून गिऱ्हाईक खुर्चीत टेकताना जरा अडखळतं. घरच्यांनी आग्रह करकरून गोळी सुरू करून दिली, आणि भावजींचं गुणगुणणं आटलं, विहिरीतलं पाणी खाली जावं तसं, आवाज न करता. दोष गोळीचाच, हे तिने ठरवून टाकलं होतं. असं आधीच ठरवून बसलेल्या परीक्षकाला तिने शून्य दिलं असतं.

संध्याकाळी भावजी ओट्याशी कात्र्या पुसत होते. वहिनीने गोळीचं नाव काढलं नाही. सुचवायचं नाही, नुसतं विचारायचं.

"भावजी, हल्ली कसं वाटतंय?"

"कुणाला?"

"तुम्हाला."

त्यांनी कात्री खाली ठेवली. "गोळीचं म्हणत असाल तर ती मी दुसऱ्याच आठवड्यात सोडली. तोंड कडू व्हायचं."

"मग बोलला का नाहीत?"

"विचारलं कुणी? जेवायला बसलो की तुम्ही सगळे डोक्याकडे बघता. दादा तर बॅटरी लावून बघतो, केस आले का. खाली तोंड आहे, डोळ्याला झोप नाही, ते कुणाला दिसत नाही."

"झोप लागत नाही?"

"नाही. छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं."

"कधीपासून?"

"गोळीच्या आधीपासून."

वहिनीच्या जिभेवर धीराचे चार शब्द आले होते. पण विचारणाऱ्याने मध्ये बोलायचं नसतं, म्हणून तिने ते गिळले.

"आणखी काही?"

भावजींनी पायाने स्टूल तिच्याकडे सरकवलं.

"आहे. बसा तुम्ही."