पाच जणींचं काम

मी तापट आहे, हे आमच्या थळ गावात कुणालाही विचारा. घासाघीस करणाऱ्या बायकासुद्धा माझ्या मासळीच्या टोपलीपुढे जपून बोलतात. पण त्या मार्चमध्ये मी माझ्या नणंदेशी, प्राप्तीशी, इतकी गोड वागत होते की सासूबाई म्हणाल्या, कल्पिताच्या मनात काहीतरी शिजतंय.

शिजत होतंच. अलिबागला ब्यूटीशियनच्या कोर्सला मी नाव घातलं होतं. फीसाठी कानातल्या कुड्या मोडल्या. नवरा दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी, पावसाळ्यात दोन महिने बोटी बंद. पुढच्या खोलीत पार्लर काढलं तर चूल तरी पेटती राहील, एवढाच हिशेब. पण फी भरली म्हणजे झालं थोडंच? मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं, ब्लीच, पील म्हणजे कातडीचा वरचा थर काढणारं औषध, आणि फेशियल मिळून पाच प्रॅक्टिकल घरी करायची, दरवेळी वेगळ्या बाईवर. वहीत तिची सही आणि गालाचा फोटो. एकाच कातडीला महिनाभर पुन्हा हात लावायचा नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं. मी लिहूनही घेतलं.

शिकाऊ हातात तोंड कोण देतं? शेजारची केसरकाकी नुसती हसली. तुळशीने तर बसायचे पैसे मागितले. माझं डोकं फिरलं आणि मी प्राप्तीला बसवलं.

प्राप्ती बावीस वर्षांची, स्वभावाने गरीब. फुकट फेशियल म्हणून खूश झाली. पहिलं ब्लीच छान बसलं. आठ दिवसांनी दुसरं. वहीत नाव केसरकाकीचं, सही प्राप्तीने ठोकली, हसत हसत. तिसऱ्याला नाव तुळशीचं. तेव्हा प्राप्ती म्हणाली, चरचरतंय. मी म्हटलं, जरा कळ काढ, चरचरतं म्हणजे लागू पडतंय. खोटं होतं, आणि मला ते ठाऊक होतं.

चौथ्यानंतर ती चुलीपुढे बसेना. सुकट वाळत घालायला जायची ती ओढणी डोळ्यांपर्यंत गुंडाळून. दोन्ही गालांवर लाल चट्टे उठले, मग ते काळे पडू लागले. सासूबाईंना मी उष्णता सांगितली. त्यांनी बिचाऱ्यांनी सब्जाचं पाणी सुरू केलं. त्याच आठवड्यात दिघीहून निरोप आला. मुलगा बंदरावर कामाला, माणसं चांगली, पुढच्या रविवारी मुलगी बघायला येतात.

तेव्हा तरी थांबायला हवं होतं. नाही थांबले. पाचवं राहिलं होतं आणि त्याशिवाय परीक्षेला बसू देत नव्हते. पील लावताना प्राप्तीने पाटाची कड घट्ट धरली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

शनिवारी परीक्षा, नवरीचा मेकअप. मॉडेल आपापली आणायची, म्हणजे पुन्हा प्राप्तीच. एसटीत ती खिडकीकडे तोंड करून बसली. वर्गात मी सगळ्यांच्या आधी जाऊन कोपऱ्यातली खुर्ची धरली, तिची पाठ लोकांकडे येईल अशी. काळ्या चट्ट्यांवर आधी डाग दबवणारा केशरी रंग, त्यावर बेस, बोटाने थोपटत थरावर थर. माझा हात कधी नव्हे इतका स्थिर होता. दीड तासात एक डाग दिसेना.

मुंबईच्या परीक्षक बाईंनी प्राप्तीची हनुवटी वर केली, उजेडाकडे वळवली आणि सगळ्या वर्गाला बोलावलं. म्हणाल्या, कातडी अशी नितळ असली की मेकअपला काही करावंच लागत नाही. मला पहिला नंबर दिला. टाळ्या वाजल्या आणि मी खाली वाकून ब्रश गोळा करू लागले.

परत येताना स्टँडवर बाकड्यावर बसलो. उकडत होतं. तिच्या गालांना जरा हवा लागू दे म्हणून मी मेकअप पुसायला पिशवीतून कापूस काढला. तिने माझं मनगट धरलं.

"नको, वयनी. उद्या ती मानसं येतील, तवा पुन्ना असंच कर."

करते म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

गाडी लागली, माणसं चढू लागली. ती उठली नाही, माझं मनगटही सोडलं नाही.

"आनि लगीन झाल्यावर?" तिने विचारलं. "तिथं रोज सकाली कोन करेल?"